घरचे पदार्थ फ्रीझरमध्ये वारंवार बिघडतात? आधीचा तासभर तपासा

मटारचा एकसंध गोळा होतो. कटलेट तेलात पडताच फुटतात. ग्रेव्ही गरम केली की पाणी एकीकडे आणि मसाला एकीकडे. पोळ्यांच्या कडा मोडतात, खोवलेल्या नारळाला शेजारच्या मासळीचा वास लागतो. घरी पदार्थ करून फ्रीझरमध्ये साठवणाऱ्यांच्या या तक्रारी वर्षानुवर्षं त्याच आहेत. दोन-चारदा असं झालं की बाई असो वा बुवा, "आपल्याला काही हे जमत नाही" म्हणून सोडून देतात आणि दुकानातली गोठवलेली पाकिटं पुन्हा घरात यायला लागतात. म्हणजे पैसे वाचवायला निघालो आणि दोनदा खर्च केला, एकदा फेकलेल्या पदार्थाचा आणि एकदा पाकिटाचा.

मला हे सोडून देणं पटत नाही, कारण यातले बहुतेक बिघाड टाळता येतात. पदार्थ गॅसवरून उतरल्यापासून फ्रीझरचं दार लागेपर्यंत जो तासभर जातो, त्यातच तो नीट राहणार की बिघडणार हे जवळपास ठरून जातं. लोक दोष देतात फ्रीजला किंवा पाककृतीला. मधल्या या तासाकडे कुणी बघत नाही.

कारण सगळं पाण्यापाशी येतं. पदार्थातलं बरंचसं पाणी उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअस या टप्प्यात गोठतं. हा टप्पा झटकन पार झाला तर बर्फाचे कण बारीक राहतात. तो रेंगाळला तर कण मोठे होतात, भाजीच्या किंवा मासळीच्या पेशी फाडतात, आणि पदार्थ सुटायला, म्हणजे बर्फ वितळायला, बाहेर काढला की सगळं पाणी बाहेर येतं. कारखान्यांत उणे ३० अंशांच्याही खालच्या गार वाऱ्याच्या झोतात माल काही मिनिटांत गोठवतात. आपल्या फ्रीझरला ते जमणार नाही. म्हणून त्याच्याकडे पदार्थ देताना तो गार, कोरडा आणि पातळ थरात द्यायचा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं उत्तर या तीन शब्दांत कुठेतरी सापडेल.

आधी फ्रीझरच धड आहे ना?

हे घरच्या घरी सहज कळतं. आइस्क्रीमचा डबा एक दिवस आत ठेवा. चमचा सहज घुसत असेल तर फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत पोचत नाही. दीर्घ साठवणीसाठी उणे १८ हवं. छोटा थर्मामीटर मिळतो, तो आत ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही. काही फ्रीजच्या फ्रीझरच्या दारावर लहान चांदण्या छापलेल्या असतात: एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. फ्रीजच्या बाहेर चिकटवलेलं वीजबचतीच्या तारांकनाचं लेबल वेगळं, त्याचा थंडाव्याशी संबंध नाही. पाच तारे बघून फ्रीज घेतला म्हणजे फ्रीझर जोरदार असेल अशी समजूत फार पसरलेली आहे.

एका दाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा उणे १८ गाठत नाही. त्यात साठवण होत नाही असं नाही, पण मुदत कमी धरा. जे मटार चांगल्या फ्रीझरमध्ये आठ-दहा महिने राहतात ते अशा कप्प्यातून दोन-तीन महिन्यांत संपवा.

दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निघाली तर तिथून गरम हवा आत जाते. आतल्या भिंतींवर अर्धा सेंटिमीटरहून जाड बर्फ साठला असेल तर डीफ्रॉस्ट करायची वेळ झाली. सुरी किंवा उलथनं घेऊन बर्फ खरवडू नका. मागची नळी फुटली की गॅस जातो आणि दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या बचतीहून मोठा होतो.

आणि एका वेळी किती भरता ते बघा. साधारण २८ लिटर जागेला दिवसाला एक ते सव्वा किलो नवा पदार्थ, याहून जास्त नको. एका दाराच्या फ्रीजचा कप्पा १५-२० लिटरचा असेल तर अर्धा ते पाऊण किलो. रविवारी बसून पाच किलो मटार सोलले आणि सगळे एकदम आत कोंबले की आतलं तापमान चढतं, नवं लवकर गोठत नाही आणि जुनंही अर्धवट सुटतं. पहिला हप्ता आत, बाकीचे मटार शेंगांतच खालच्या कप्प्यात ठेवा, ते उद्या.

मटारचा गोळा होतो, किंवा महिन्याभरात पिवळट पडून गवतासारखा वास येतो

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचं कारण वेगळं आहे.

पिवळेपणा आणि वास येतो तो मटारमधल्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे. गोठवल्यावर त्यांचं काम मंदावतं, थांबत नाही. ते थांबवायला उष्णता लागते, म्हणून मटार उकळत्या पाण्यातून काढायचे. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण करताना दोन गोष्टी चुकतात. पहिली, पाणी कमी घेतात. अर्धा किलो दाण्यांना निदान चार लिटर पाणी हवं, नाहीतर मटार पडताच उकळी बसते आणि ते नुसते कोमट पाण्यात भिजत राहतात. पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून दीड मिनिट मोजायचं. दुसरी, बाहेर काढून नळाखाली धरतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये टाकीतून येणारं पाणी गारच नसतं. बर्फ घातलेलं पाणी आधीच तयार ठेवा आणि जेवढा वेळ उकळलं त्याहून थोडा जास्त वेळ त्यात ठेवा. दाणा दाताखाली धरला तर मधोमधही गार लागला पाहिजे.

रंग हिरवागार राहावा म्हणून पाण्यात सोडा टाकू नका. रंग राहतो, पण साल मऊ पडते, क जीवनसत्त्व जातं, आणि भाजीत मटार विरघळतात.

आता गोळा. तो होतो ओलाव्यामुळे, दुसरं काही नाही. मटार रोळीत निथळले म्हणजे कोरडे झाले असं नसतं. जवळून बघा: प्रत्येक दाण्याच्या डोळ्यापाशी, जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो तिथे, पाण्याचा एक थेंब बसलेला दिसेल. हेच थेंब गोठून दाण्याला दाणा जोडतात. स्वच्छ सुती पंचा पसरा, त्यावर मटार एका थरात ओता, पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा आणि मधूनच पंचाची टोकं धरून मटार इकडून तिकडे लोळवा. मग स्टीलच्या ताटात एका थरात, ताट फ्रीझरमध्ये, दोन-तीन तास. दाणे ताटावर खडखडायला लागले की पिशवीत. तेव्हा पिशवीतून मूठभर काढले तरी बाकीचे सुटेच राहतात.

कॉर्नचे दाणे, फरसबीचे तुकडे, गाजराच्या फोडी यांनाही हीच वाट. फरसबीला तीन मिनिटं लागतात. मेथी-पालकाला उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळायचं आणि एका भाजीच्या मापाचे मुटके करून ठेवायचे.

कटलेट आणि टिक्क्या तेलात फुटतात

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण कष्टही इथेच जास्त असतात. कढईत काय होतं ते बघा. कटलेट पडताच तेल जोरात उसळतं, ते बाहेरच्या हिमाचं पाणी. मग कडेला एक बारीक भेग दिसते, भेगेतून बटाटा तेलात यायला लागतो, आणि अर्ध्या मिनिटात कटलेटचा चुरा. बाहेरचं आवरण कडक झालेलं असतं, आतला बर्फ वितळून वाफ होत असते, आणि ती वाफ आवरण फोडून बाहेर येते.

मूळ दोष बटाट्यातल्या पाण्याचा. शिजलेला बटाटा गोठला की त्याचा स्टार्च आकसतो आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतो. म्हणून बटाटा जितका कमी पाणी पिऊन शिजेल तितकं बरं. साल न काढता, न चिरता, अख्खा उकडा. कुकरच्या तळाशी पाण्यात बुडवण्याऐवजी डब्यात ठेवून वाफेवर शिजवा. उकडलेले बटाटे सालासकट रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी किसा. गार बटाटा चिकट होत नाही आणि वरचं पाणीही उडून गेलेलं असतं. गरम बटाटा कुस्करून लगेच कटलेट वळणं ही घाई महागात पडते.

सारणातल्या भाज्या तव्यावर परतून त्यांचं पाणी पूर्ण आटवा. मग धरून ठेवायला पोहे: पातळ पोहे कोरडेच मिक्सरमधून फिरवून घाला, चार मध्यम बटाट्यांना साधारण अर्धी वाटी. ते राहिलेलं पाणी शोषून घेतात. ब्रेडचा चुराही चालतो, भाजलेलं बेसनही. कॉर्नफ्लोअरवर मात्र भरवसा ठेवू नका, त्याने बांधलेलं पाणी गोठून सुटलं की पुन्हा बाहेर येतं.

जाडी एक ते सव्वा सेंटिमीटर. जाड कटलेट दिसायला छान, पण बाहेरून लाल होईपर्यंत आत बर्फच राहतो. वरून मैद्याची पातळ पेस्ट आणि चुरा लावून ताटात सुटे गोठवा, मग डब्यात बटर पेपरच्या थरांनी.

तळताना बाहेर काढून सुटू देऊ नका. हा सल्ला ऐकून अनेकांना नवल वाटतं, पण सुटलेला कटलेट म्हणजे आतून ओला झालेला कटलेट. फ्रीझरमधून थेट तेलात. वरचं हिम बोटाने पुसून टाका, तेल मध्यम तापलेलं असू द्या, आणि एका वेळी तीन-चारच सोडा. जास्त सोडले की तेल गार पडतं, आवरण धरत नाही. तळायचे नसतील तर जाड तव्यावर थोड्या तेलात, मंद आंचेवर, सुरुवातीची चार मिनिटं झाकण ठेवून.

बटाटेवड्यांचं एवढंच सांगेन की फक्त सारणाचे गोळे गोठवा, बेसनाचं पीठ आयत्या वेळी भिजवा. साबुदाणावडे गोठवण्याच्या भानगडीत पडू नका.

त्यापेक्षा कोथिंबीर वडी आणि अळूवडी. फ्रीझरसाठी यांच्याइतके गुणी पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात दुसरे नाहीत असं माझं ठाम मत आहे. शिजलेलं बेसन पाणी चांगलं धरून ठेवतं. उंडे वाफवून पूर्ण गार करा आणि अख्खे ठेवा, वड्या कापू नका, कारण कापल्या की उघडी बाजू वाढते आणि सुकते. आदल्या रात्री उंडा खालच्या कप्प्यात काढून ठेवा, सकाळी कापून तव्यावर परता. पावसाळ्यात अळू आणि हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त असते तेव्हा केलेले उंडे पुढचे दोन-तीन महिने पाहुण्यांसमोर मान राखतात.

पोळ्या आणि पराठे कडक होतात

इथे एक गैरसमज मोडायला हवा. पोळी फ्रीझरमुळे शिळी होते असं वाटतं, पण शिळेपणा सगळ्यात वेगाने येतो तो खालच्या कप्प्यात, तीन-चार अंशांना. त्या तापमानाला स्टार्च झपाट्याने आकसतो. उणे १८ ला ही क्रिया जवळपास थांबते. म्हणून उद्या खायची पोळी बाहेर डब्यात, आठवड्याने खायची फ्रीझरमध्ये, आणि फ्रीजच्या मधल्या कप्प्यात कुठलीच नको.

कणीक कोमट पाण्यात, थोडं तेल घालून, नेहमीपेक्षा जरा सैल भिजवा. पोळी अर्धवटच भाजा: दोन्ही बाजू पांढरट झाल्या, ओलेपणा गेला, डाग पडायच्या आत उतरवली. आता खरा मुद्दा. ती गरम असताना एकावर एक रचू नका. वाफ मध्ये कोंडते, तिचं पाणी होतं, ते गोठून पोळ्या चिकटतात आणि ओढताना फाटतात. जाळीवर सुटी गार करा, पण वाऱ्यावर तासभर विसरूही नका, दहा मिनिटं पुरतात. दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर, पिशवीतली हवा दाबून काढलेली. आणि खाताना फ्रीझरमधून थेट तापलेल्या तव्यावर. बाहेर ठेवून सुटायची वाट बघितली की हवेतला दमटपणा पोळीवर जमतो आणि ती चामट होते.

भरलेल्या पराठ्यांपैकी मेथीचे, दुधीचे, डाळीचे छान राहतात. मुळ्याचे पाणी सोडतात. पुरण तर उत्तमच राहतं. गुळामुळे ते फ्रीझरमध्येही दगडासारखं घट्ट होत नाही, होळीच्या आधी करून ठेवलं तर सणाच्या सकाळचा अर्धा ताण जातो. उकडीचे मोदक वाफवून, गार करून, सुटे गोठवावेत आणि खाताना न सोडवता पुन्हा वाफवावेत. वाफेने आकसलेली उकड परत मऊ होते, मायक्रोवेव्हने ती कोरडी पडते.

ग्रेव्ही फाटते, वाटण पाणचट होतं

दही, दूध, साय आणि कॉर्नफ्लोअर आधी घातलं असेल तर ते होणारच. कांदा-टोमॅटोचं परतलेलं वाटण, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, नुसती टोमॅटो प्युरी हे मूळ ठेवा आणि दही-साय गरम करताना घाला. गरम मसालाही शेवटीच, कारण लवंग, मिरी, लसूण यांचा उग्रपणा फ्रीझरमध्ये वाढतो आणि कडवटपणा येतो. वाटण तेल सुटेपर्यंत परता. नुसतं कच्चं वाटून ठेवलं तर पाणी सुटणं अटळ आहे.

गार करणं इथे सगळ्यात महत्त्वाचं. पातेलंभर ग्रेव्ही ओट्यावर झाकून ठेवली तर तिचा मध्यभाग चार-पाच तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांमध्ये जंतू भराभर वाढतात. शिजल्यापासून दोन तासांत ती फ्रीझरच्या थंडीत गेली पाहिजे. उन्हाळ्यात एका तासात. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, ढवळत राहा. नाहीतर सरळ मोठ्या ताटात पसरा. मग पिशवीत भरून, हवा काढून, दोन सेंटिमीटर जाडीची सपाट वडी करा आणि आडवी गोठवा. गोठल्यावर या पिशव्या उभ्या रचता येतात. जाडी दुप्पट केली की गोठायला दुपटीहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. डब्यात भरायची तर वर दोन बोटं जागा सोडा, पाणी गोठताना फुगतं.

उकडलेले छोले, राजमा, चवळी त्यांच्या शिजलेल्या पाण्यासकट ठेवा, कोरडे ठेवले तर फुटून भुसभुशीत होतात. कुकर एकदा लावून तीन वेळची उसळ निघते, तो गॅसही हिशोबात धरा.

आलं-लसूण पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत काढा. पेस्ट हिरवी-निळी पडली म्हणून घाबरून फेकणारे बरेच आहेत. लसणातली गंधकाची संयुगं आंबटपणाशी आणि एकमेकांशी मिळून तो रंग तयार करतात, तो अपायकारक नाही. खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्या: तेलात बुडवलेली कच्च्या लसणाची पेस्ट बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. फ्रीजमध्येही चार दिवसांपलीकडे नको, उरलेली लगेच फ्रीझरमध्ये.

पांढरे कोरडे डाग आणि परका वास

डाग म्हणजे बुरशी नाही. बर्फाची थेट वाफ होऊन तो भाग सुकलेला असतो. खाल्ला तर त्रास होत नाही, चव मात्र गेलेली असते. कारण पिशवीत राहिलेली हवा. भाजीवाल्याकडच्या पातळ पिशव्या या कामाच्या नाहीत, त्यातून ओलावाही जातो आणि वासही येतो-जातो. जाड झिपची पिशवी पाण्याच्या बादलीत तोंडापर्यंत हळूहळू बुडवा, पाणी बाहेरून दाबून हवा काढतं, मग झिप लावा. आमरसासाठी तर दोन पिशव्या, एकीत एक. आपल्या बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वरचा आणि खालचा कप्पा एकच हवा वापरतात, त्यामुळे खाली उघडी ठेवलेली कांद्याची वाटी वरच्या आमरसापर्यंत पोचते.

खोवलेलं ओलं खोबरं तेलकट असल्यामुळे खवट होतं. दोन-तीन महिन्यांत संपवा, मीठ लावून ठेवू नका. मीठ खवटपणा वाढवतं. हेच बांगड्याचं. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याआधी मे महिन्यात पुष्कळ घरं मासळी भरून ठेवतात. बांगडा, तारली असे तेलकट मासे आधी संपवा, सुरमईचे तुकडे नंतर. कोलंबी सोलून डब्यात, बुडेल इतकं पाणी घालून गोठवली तर सुकत नाही. ओल्या बोंबलात मुळातच इतकं पाणी असतं की घरच्या फ्रीझरमधून तो बाहेर आला की लगदाच. त्यासाठी सुके बोंबील आहेत.

मासळी आणि मटण सोडवायचं ते रात्रभर खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवून. ओट्यावर नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात, आणि ओट्यावर बाहेरचा थर कोमट झाला की जागे होतात.

पैसे खरंच वाचतात का?

वाचतात, पण प्रत्येक पदार्थात नाही. मटार बघा. किलोभर शेंगांतून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम दाणे निघतात. शेंगा ४० रुपये किलो असतील तर दाणे ८० ते १०० रुपयांना पडले, वर गॅस आणि तुमचा वेळ. शेंगा ८० रुपये किलो असताना घेतल्या तर दाणे १६० ते २०० रुपयांना, आणि मग दुकानातलं पाकीट बहुधा स्वस्त पडतं. म्हणून हंगामाच्या ऐन भरात, भाव सगळ्यात खाली असतानाच भरा. टोमॅटोत हे आणखी ठळक दिसतं. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भाव कोसळला की शेतकऱ्याच्या हाती वाहतुकीचाही खर्च येत नाही, आणि २०२३ च्या जुलैत हाच टोमॅटो किरकोळीत किलोला शंभराच्या कितीतरी वर गेला होता. स्वस्ताईत घेऊन आटवलेली प्युरी वड्या करून ठेवली तर महागाईच्या महिन्यात तिचा उपयोग कळतो, आणि पडत्या भावात दोन किलो जास्त उचलल्याने शेतकऱ्यालाही तेवढाच हातभार.

वाचवायच्या उत्साहात वेगळा डीप फ्रीझर घेऊ नका, निदान घाईने नको. तो वर्षभर चोवीस तास वीज खातो, आणि महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. त्याच्यामुळे महिन्याचा वापर वरच्या टप्प्यात गेला तर मटारची सगळी बचत बिलात जाईल. आधी आहे तो फ्रीझर पूर्ण वापरा. प्रत्येक पिशवीवर कागदी चिकटपट्टी लावून पदार्थ, माप आणि तारीख लिहा. तारखेविना पिशवी म्हणजे चार महिन्यांनी फेकायची पिशवी. नवा पदार्थ आधी चार नगच करून आठवडाभर ठेवून बघा, जमला तर मोठा घाणा काढा.

वीज गेली तर

फ्रीझरच्या दारात नाही, आत मागच्या बाजूला, एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं बर्फावर असेल तर सगळं ठीक. वाटीच्या तळाशी जाऊन गोठलं असेल तर मधल्या काळात फ्रीझर पूर्ण सुटला होता, वरून सगळं घट्ट दिसलं तरी.

घरात असताना वीज गेली तर दार उघडू नका. ठासून भरलेला मोठा फ्रीझर बंद दाराने ४८ तासांपर्यंत थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. एका दाराच्या फ्रीजचा लहान कप्पा मे महिन्याच्या उकाड्यात याच्या जवळपासही जात नाही, चार-सहा तासांनंतर तपासायला हवा. भाज्या, पोळ्या, वाटण यांत बर्फाचे कण अजून हाताला लागत असतील तर पुन्हा गोठवता येतात, थोडा पोत जातो. पूर्ण सुटलेलं पण फ्रीजइतकंच गार असलेलं वाटण त्याच दिवशी शिजवून टाका. मासळी, मटण, दुधाचे पदार्थ आणि शिजवलेला भात कोमट झाल्याला दोन तास उलटून गेले असतील तर वास घेऊन ठरवू नका. माणसाला आजारी पाडणारे कितीतरी जंतू वास देत नाहीत. ते टाकून द्या, डबा गरम पाण्याने धुवा, आणि वीज आल्यावर रिकाम्या जागेत आधी पाण्याच्या दोन बाटल्या पाऊण भरून गोठायला ठेवा. पुढच्या वेळी वीज गेली की त्याच बाटल्या आतली थंडी धरून ठेवतील.